म्हातारचळ की आजार? : एका घरगुती दुखण्याचा इतिहास

स्मरणिकेच्या संपादिकाबाईंनी यंदा माझ्याकडे लेख मागितला तेव्हा मी त्यांना म्हटले, "अहो, मी काय लिहिणार? मी ना लेखिका, ना विदुषी." त्यावर त्या म्हणाल्या, "मागच्या हळदीकुंकवाला तुम्ही जे बोललात तेच लिहा." त्या दिवशी मी माझ्या सासूबाईंच्या व नंतर आमच्या ह्यांच्या आजारपणाविषयी चार शब्द बोलले होते. बोलणे संपल्यावर मंडळातल्या तीन-चार भगिनींनी मला जिन्यापाशी गाठले आणि इकडेतिकडे पाहून हलक्या आवाजात सांगितले, "आमच्याकडेही हेच चालले आहे हो." मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी यांविषयी आपण सभेत मोठ्याने बोलतो. मग याच दुखण्याविषयी जिन्यात कुजबुजावे का लागते, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात घोळत राहिला. त्याचे उत्तर शोधताना जे वाचले, जाणकारांना विचारून घेतले आणि दोनदा स्वतः भोगले, ते येथे क्रमाने मांडण्याचा प्रयत्न करीत आहे.

मी माहेरची गिरगावची. १९६९ साली लग्न ठरले आणि सासर ठाण्याचे आहे असे कळले तेव्हा मैत्रिणींनी हसून हसून पुरेवाट केली. "अगं, तुला ठाण्याला पाठवतायत!" मुंबईकरांच्या तोंडी "ठाणे", पुणेकरांच्या तोंडी "येरवडा" हे शब्द कोणत्या अर्थाने येतात हे वाचकांना सांगावयास नको. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी सरकारी मनोरुग्णालये असलेली चार गावे, आणि चारही गावांच्या नावांना तो डाग चिकटला. थट्टेतला हा शब्द पुढे आपल्याच घराच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहील, हे तेव्हा मला कोठून ठाऊक असणार?

ठाण्याचे हे रुग्णालय १९०१ सालचे. योगायोग असा की, त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात दूर जर्मनीत, फ्रांकफुर्ट शहराच्या मनोरुग्णालयात, रेल्वेतल्या एका कारकुनाने आपल्या ५१ वर्षांच्या बायकोला आणून दाखल केले. तिचे नाव ऑगस्टे डेटेर. नीट संसार करणारी ही बाई, पण स्वयंपाक बिघडू लागला, वस्तू कोठेही लपवू लागली, नवऱ्यावर नाही नाही ते संशय घेऊ लागली. तेथील डॉक्टर आलॉइस अल्झायमर यांनी तिच्यापाशी बसून रोज प्रश्न विचारले आणि तिची उत्तरे जशीच्या तशी टिपून ठेवली. १९०६ साली ती वारल्यावर त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तेव्हा त्यांना पेशींच्या आत गुंतलेले धागे आणि पेशींच्या बाहेर साचलेली पुटे दिसली. १९१० साली क्रेपेलिन या त्यांच्या वडीलधाऱ्या सहकाऱ्याने आपल्या ग्रंथात या विकाराला अल्झायमरचे नाव दिले. तिच्या त्या कागदांचा जुडगा नंतर हरवला होता, तो १९९५ साली फ्रांकफुर्टलाच सापडला. मी हे प्रथम वाचले तेव्हा माझे लक्ष डॉक्टरांपेक्षा त्या कारकुनाकडे गेले. बायकोला घेऊन दारात येण्यापूर्वी त्याने घरी किती महिने काढले असतील, शेजारीपाजाऱ्यांना काय सांगितले असेल, याचा विचार मी करीत राहिले.

आपल्याकडे त्या काळी काय होते? १८५८ साली इंग्रज सरकारने वेड्यांच्या इस्पितळांचे आणि वेड्यांच्या मालमत्तेचे कायदे केले. त्यांची जागा १९१२ च्या कायद्याने घेतली. या कायद्यान्वये घरातल्या माणसाला इस्पितळात ठेवावयाचे तर नवऱ्याने, बायकोने अथवा नातलगाने मॅजिस्ट्रेटापुढे अर्ज करावयाचा, सोबत दोन वैद्यकीय दाखले जोडावयाचे आणि हुकूम मिळवावयाचा. म्हणजे आजाऱ्यासाठी आधी कचेरी आणि मग दवाखाना! घर आणि ते मोठे फाटक यांच्या अधेमधे काही नव्हतेच. मग सामान्य कुटुंबाने काय करावे? घरच्या म्हाताऱ्या माणसाला घरीच ठेवले, आणि त्याच्या वागण्याला नाव दिले म्हातारचळ. "साठी बुद्धी नाठी" ही म्हण तर तोंडावर होतीच. या शब्दांत थोडी माया होती, थोडी थट्टा होती. पण त्यांनी एक नुकसान केले. हे वयाचेच लक्षण आहे असे एकदा ठरल्यावर त्यासाठी वैद्याकडे जावे, काही विचारावे, ही कल्पनाच कोणाला शिवत नसे.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीने देशाच्या आरोग्याची पाहणी केली तेव्हा सबंध हिंदुस्थानात मनोरुग्णांसाठी सुमारे दहा हजार खाटा होत्या. १९५४ साली बंगळुरास अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली. तीच पुढे १९७४ पासून 'निम्हान्स' म्हणून ओळखली जाऊ लागली. याच काळातली अमृतसरची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तेथील मनोरुग्णालयाचे डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातलगांना आवारात बोलावले आणि तंबू ठोकून त्यांना रुग्णांसोबत राहू दिले. आजार समजावून सांगितला, शुश्रूषा शिकवली. घरच्या माणसांना फाटकाबाहेर न ठेवता हाताशी धरावे, हा विचार आपल्या देशात इतका जुना आहे. तरी तो आमच्या गल्लीपर्यंत पोचावयास फार वर्षे लागली.

आता माझ्या घराकडे येते. सासूबाईंना आम्ही माई म्हणत असू. चौथीपर्यंत शिकलेल्या, पण हिशेबाला एवढ्या पक्क्या की वाण्याची वही त्याच तपासत. १९८३ च्या सुमारास प्रथम दूध उतू जाऊ लागले. मग किल्ल्या तांदळाच्या डब्यात सापडू लागल्या. मामंजी १९६१ सालीच वारले होते, पण "ते अजून कसे आले नाहीत?" असे त्या दिवेलागणीला विचारू लागल्या. दुपार कलली की लुगड्यात दोन भांडी बांधून त्या दाराशी येत आणि म्हणत, "मला घरी जायचंय." घर म्हणजे वाईचे माहेर. ते घर विकूनही तीस वर्षे झाली होती. वन्सं आल्या की त्यांच्यापाशी तक्रार, "ही मला जेवायला देत नाही." वन्संनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर मी आजही विसरलेले नाही.

आमचे घरचे डॉक्टर देवमाणूस. त्यांनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला आणि सांगितले, "वय झाले, डोक्याच्या रक्तवाहिन्या कठीण झाल्या. चालायचंच." मग आम्ही मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात गेलो. पहाटेची लोकल, केसपेपरची रांग, एका विभागातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. तिसऱ्या दिवशी कागदावर एक इंग्रजी शब्द मिळाला, ज्याचा अर्थ "म्हातारपणचा" एवढाच होता. झोपेची गोळी मिळाली. परत कधी यावे, घरी कसे वागवावे, याविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. एका शेजाऱ्याने सुचवले, "अहो, लांब कशाला जाता? आपल्या ठाण्यातच तर सोय आहे." तेव्हा आमचे हे ताटावरून उठून गेले. पुन्हा त्या विषयाची वाच्यता घरात झाली नाही.

माई एकदा पहाटे स्टेशनापर्यंत गेल्या. त्यानंतर मी त्यांच्या खोलीला बाहेरून कडी घालू लागले. दोन मुलांच्या शाळा, ह्यांची नोकरी, आणि घरात मी एकटी. त्या आतून दार वाजवीत, मला हाका मारीत, आणि मी पोळ्या लाटीत असे. एकदा तर मी त्यांच्यावर हातही उगारला. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिले नाही तर हा इतिहास अपुरा राहील. १९९० साली त्या गेल्या तेव्हा आलेल्या बायका म्हणाल्या, "सुटल्या बिचाऱ्या." मनातून मला वाटत होते की मी सुटले, आणि त्या वाटण्याचीही भीती वाटत होती.

पुढे वाचनात आले की, १९१० पासून पुष्कळ वर्षे वैद्यकशास्त्रातच असा समज होता की अल्झायमरचा विकार तो पन्नाशीच्या माणसांचा, आणि सत्तरीनंतरचे विसरणे हे निव्वळ वार्धक्य. १९७६ साली अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट कॅट्झमन यांनी ठामपणे मांडले की हे दोन्ही एकच असून लक्षावधी वृद्धांना होणारा हा मोठा आजार आहे. तेव्हा आमचे डॉक्टर बोलले ते त्यांनी शिकलेल्या पुस्तकांप्रमाणेच होते. नवी विद्या आमच्या गल्लीत यावयाची होती, आणि तोवर माईंची वेळ संपली.

नंतरच्या काळात हालचाल सुरू झाली. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, १९९६ पासून तो जिल्ह्याजिल्ह्यांत नेण्याचा प्रयत्न झाला. १९९२ साली केरळात डॉ. के. जेकब रॉय यांच्या पुढाकाराने 'अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया' ही संस्था निघाली आणि तिने इतर शहरांतही शाखा काढल्या. २१ सप्टेंबर हा दिवस जगभर या आजारासाठी पाळला जाऊ लागला.

परंतु आपल्यासारख्या मंडळाने मुद्दाम ध्यानात घ्यावी अशी हकीकत गोव्याची आहे. तेथे डॉ. विक्रम पटेल व डॉ. मार्टिन प्रिन्स यांनी वृद्धांच्या मानसिक आजारांविषयी लोकांशी व आरोग्यसेवकांशी बोलून पाहणी केली, ती २००१ साली प्रसिद्ध झाली. तीत असे आढळले की लोकांना लक्षणे नीट ठाऊक होती, पण ती वयाची मानली जात. दवाखान्यातल्या डॉक्टरांना असे रुग्ण क्वचितच दिसत, आणि घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेविका मात्र सांगत की असे पुष्कळजण आम्हाला भेटतात. आजारी घरात आणि वैद्य दवाखान्यात, ही दोघांची गाठ पडतच नव्हती!

यावर डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बार्देश व तिसवाडी या तालुक्यांत एक प्रयोग केला. बारावीपर्यंत शिकलेल्या, स्थानिक भाषा बोलणाऱ्या आणि वृद्धांविषयी आस्था असणाऱ्या साध्या कार्यकर्त्यांना आठवडाभर शिक्षण दिले. हे कार्यकर्ते निदान पंधरवड्यातून एकदा असे सहा महिने रुग्णाच्या घरी जात. आजार म्हणजे काय ते समजावीत, अंघोळ-जेवण-कपडे यांत अडले तर युक्ती सांगत, चिडणे व भटकणे कसे हाताळावे ते दाखवीत, सरकारी योजनांची माहिती देत आणि सांभाळणाऱ्या व्यक्तीचे गाऱ्हाणे ऐकून घेत. जरूर पडेल तेथे मनोविकारतज्ज्ञ औषध देत. एकूण ८१ कुटुंबांत हा प्रयोग झाला आणि त्याचे फळ २००८ साली प्रसिद्ध झाले. रुग्ण बरे झाले नाहीत, तसा दावाही कोणी केला नाही. पण सांभाळणाऱ्यांचा मानसिक त्रास कमी झाला. हे वाचताना मला वाटले, त्या कडीच्या दिवसांत असे कोणी पंधरा दिवसांतून एकदा माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसले असते तर!

दुसरी खेप २०१५ साली आली. आमच्या ह्यांनी चौतीस वर्षे हिशेब खात्यात काढलेली. तेच वीजबिल दोनदा भरू लागले, नातवाच्या नावाला अडखळू लागले. या वेळी मी वाट पाहिली नाही. मेंदूविकारतज्ज्ञांनी त्यांना विचारले, "शंभरातून सात वजा करीत चला." हे म्हणाले, "त्र्याण्णव." मग थांबले आणि माझ्याकडे पाहू लागले, शाळेत उत्तर न आलेला मुलगा मास्तरांऐवजी आईकडे पाहतो तसे.

येथे एक गोष्ट सांगून ठेवते. ही चाचणी शिकलेल्यांसाठी रचलेली. माईंसारख्या कमी शिकलेल्या बाईला तिच्यात कमी गुण मिळाले तर तो आजार नव्हे, शाळेचा अभाव असू शकतो. म्हणूनच हरियाणातील बल्लभगड येथील संशोधकांनी निरक्षरांनाही चालेल अशी हिंदी चाचणी तयार केली, ती १९९५ साली प्रसिद्ध झाली. आपल्या घरच्या आजीचे शिक्षण किती, हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे.

तपासण्या कशासाठी हेही मला तेव्हाच कळले. थायरॉइडचा दोष, 'बी-१२' जीवनसत्त्वाची कमतरता, पडल्यामुळे डोक्यात साचलेले रक्त, खिन्नतेचा आजार, काही औषधांचा परिणाम, यांनीही माणूस विसरू लागतो आणि यांतले पुष्कळसे उपचाराने सुधारते. "वय झाले" म्हणून घरी बसण्यात हाच मोठा धोका आहे. ह्यांच्या बाबतीत तसे काही निघाले नाही. १९९६ पासून बाजारात आलेले डोनेपेझिल त्यांना मिळाले. त्याने काही काळ बरे गेले. आजार थांबत नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले, आणि त्या स्पष्टपणाबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

म्हणजे या वेळी नाव मिळाले, डॉक्टर मिळाले. मग अडचण कोठे आली? दवाखान्याबाहेर. ह्यांची सही जुळेना म्हणून बँकेने पैसे अडवले. शरीराने दुबळ्या झालेल्या पेन्शनराला दोन साक्षीदारांसमक्ष, त्यांतला एक बँकेचा अधिकारी, अंगठा उठवून पैसे काढता येतात असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण ज्याची समजच गेली त्याचा प्रश्न निराळा. मुखत्यारपत्र करू म्हटले तर वकील म्हणाले, "समज असतानाच करायला हवे होते, आणि केले असते तरी समज गेल्यावर ते चालत नाही." १९१२ च्या व नंतर १९८७ च्या कायद्यात अशा माणसाच्या मालमत्तेसाठी जिल्हा न्यायालयाने पालक वा व्यवस्थापक नेमण्याची तरतूद होती. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून अमलात आला. त्याने रुग्णांना पुष्कळ हक्क दिले, आजाराच्या व्याख्येत स्मृतीचा उल्लेख केला, आपला प्रतिनिधी आपणच नेमण्याची मुभा दिली. पण मालमत्तेचे ते प्रकरण त्यातून गळाले. त्यामुळे घरच्यांना पालक म्हणून नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागते. मुंबई उच्च न्यायालयाने अशा अर्जांवर पत्नीला, मुलांना पालक नेमलेही आहे. पण पेन्शनीच्या पैशासाठी ती पायरी चढावयाची कोणी? आमचे सुदैव एवढेच की पेन्शनीचे खाते दोघांच्या नावावर, कोणाही एकाच्या सहीने चालेल असे, वन्संच्या मुलाने फार पूर्वी करून ठेवले होते. हे बँकेतल्या दुसऱ्या अधिकाऱ्याने कागद उलटून पाहिले तेव्हा उमगले.

दुसरी अडचण माणसाची. आजारविम्याचे पैसे इस्पितळात दाखल झाल्यावर मिळतात. हा आजार घरात राहतो. ब्युरोतून येणाऱ्या मावशींचा पगार, डायपर, रात्रीची जागरणे, यांना विमा नाही. २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान योजनेत वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे इस्पितळाचे उपचार मिळू लागले, ही चांगली गोष्ट झाली. पण मावशींचा पगार त्यातही बसत नाही. आमच्याकडे एका वर्षात सहा मावशी बदलल्या. सहावी टिकली, कारण ती ह्यांना "साहेब, हिशेब तपासा" म्हणून रोज जुनी वही हातात देत असे. ही युक्ती तिला कोणत्याही पुस्तकाने शिकवली नव्हती.

या वेळी मी कडी घातली नाही. दाराला छोटी घंटा बांधली, ह्यांच्या खिशात नाव-पत्ता लिहिलेले कार्ड ठेवले आणि गल्लीतल्या वाण्याला, इस्त्रीवाल्याला, रिक्षावाल्यांना स्पष्ट सांगून टाकले, "साहेबांना विसरण्याचा आजार आहे. एकटे दिसले तर घरी आणा." ते तीनदा गेले आणि तीनदा त्यांना कोणी ना कोणी आणून सोडले. २०२३ साली हे गेले, आपल्याच खाटेवर.

देशात साठीपुढच्या माणसांपैकी शेकडा ७.४, म्हणजे सुमारे ८८ लाख, या आजाराने ग्रस्त असावेत असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत निघाला, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत त्याचे प्रमाण अधिक आढळले. सांभाळणारी बहुधा स्त्री, आणि आजारीही अधिक स्त्रियाच. तेव्हा हा विषय महिला मंडळाचा नाही तर कोणाचा?

म्हणून लेख संपविण्यापूर्वी एक विनंती करते. मानसिक आरोग्यासाठी सरकारचा टेली-मानस हा दूरध्वनी १४४१६ आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ आहे, ते आपल्या फलकावर लिहून लावावेत. घरातली खाती व कागदपत्रे समज शाबूत असतानाच नीट करावीत, यासाठी एखाद्या वकीलबाईंचे भाषण ठेवावे. आणि दर गुरुवारी दुपारी, भजनाच्या वेळेआधी दोन तास, आपल्यातल्या दोघींनी अशा एका घरी जाऊन बसावे. तेवढ्यात त्या घरची सून बँकेत जाईल, डोळे तपासून येईल, किंवा नुसती निजेल. पहिल्या गुरुवारसाठी माझे नाव लिहून घ्यावे. दुसरे नाव जिन्यात बोललेल्या भगिनींपैकी कोणी, पण या वेळी सभेत सर्वांसमोर, मोठ्याने सांगावे.